मारेस्मे: बार्सिलोनाच्या कुशीतली वाळूची पट्टी

स्पेनचा फुटबॉलपटू लामिन यमाल याने गोल केला की तो बोटांनी एक आकडा करून दाखवतो: 304. 2024च्या युरो स्पर्धेनंतर जगभरच्या पोरांनी त्याची नक्कल केली. हा आकडा म्हणजे पिनकोडचे शेवटचे तीन अंक. पूर्ण पिनकोड 08304, तो मातारो शहरातल्या रोकाफोंदा या कामगारवस्तीचा. यमालचे वडील मोरोक्कोचे, आई इक्वेटोरियल गिनीची, आणि पोरगा वाढला तो रोकाफोंदाच्या गल्ल्यांमध्ये. हे मातारो ज्या प्रदेशाचं मुख्य शहर आहे त्याचं नाव मारेस्मे. बार्सिलोना फिरून आलेल्यांपैकी बहुतेकांनी मारेस्मे पाहिलेलं असतं, पण गाडीच्या खिडकीतून, उत्तरेच्या कोस्टा ब्रावा या पर्यटनाच्या किनाऱ्याकडे जाताना. तिथे उतरतं कोण?

उतरायला हवं, असं माझं मत. कातालुन्याचा, म्हणजे बार्सिलोना ज्याची राजधानी आहे त्या स्पेनच्या ईशान्य प्रांताचा, दोन हजार वर्षांचा इतिहास थोडक्या जागेत वाचायचा तर याच्याइतकी सोयीची पट्टी दुसरी नाही. समुद्रापासून किती अंतरावर राहायचं, हा एकच प्रश्न इथल्या माणसांनी प्रत्येक काळात नव्याने सोडवला आहे. कधी भीतीने ते डोंगरात चढले, कधी पैशासाठी पाण्याला भिडले. आज पाण्याला भिडून झालं आहे, आणि आता पाणीच त्यांच्याकडे येतं आहे.

आधी जागा समजून घेऊ. कातालुन्याचे जे छोटे प्रदेश आहेत त्यांना 'कोमार्का' म्हणतात. आकार आपल्या तालुक्याएवढा समजा, पण सरकारी हद्दीपेक्षा तिथे आपलेपणाची भावना जास्त. 1930च्या दशकात कातालान सरकारने या कोमार्का आखल्या तेव्हा समितीने गावोगाव प्रश्नावली पाठवली होती. त्यात एक प्रश्न असा होता: तुमच्या गावचे लोक बाजाराला कुठे जातात? नकाशा आखताना बाजार विचारात घेणारं सरकार मला तरी आवडतं. 1936 साली ही विभागणी लागू झाली, स्पेनचं यादवी युद्ध जिंकल्यावर हुकूमशहा फ्रँकोने ती मोडली आणि 1987 साली ती परत आली. मारेस्मेच्या वाट्याला 30 गावं-शहरं आली. बार्सिलोनाला खेटून असलेलं बादालोना संपलं की लागणाऱ्या मोनगातपासून, तोर्देरा नदीच्या मुखाशी असलेल्या मालग्रातपर्यंत साधारण 50 किलोमीटरचा किनारा. लोकसंख्या साडेचार लाखांवर.

या पट्टीच्या पाठीशी किनाऱ्याला समांतर डोंगररांग आहे. सर्वांत उंच माथा माँतनेग्रेचा, सुमारे 770 मीटर. डोंगर ग्रॅनाइटचा. हा ग्रॅनाइट ऊनपावसात कुजतो, सुटतो आणि त्याची जाडीभरडी पिवळसर वाळू होते. तिला तिथे 'साउलो' म्हणतात. साउलोत पाणी थांबत नाही, मुळं खोल जातात, उन्हाने ती लवकर तापते. द्राक्षवेलीला हे मानवतं. म्हणून अलेल्या गावच्या वाइनची चर्चा करताना आधी मातीची चर्चा होते.

डोंगर आणि समुद्र यांच्यात अंतर इतकं कमी की इथे मोठी नदी तयारच होत नाही, तोर्देरा वगळता. असतात ते कोरडे ओढे. त्यांना 'रिएरा' म्हणतात. वर्षातले बहुतेक दिवस रिएरा म्हणजे वाळूचा सरळ उतार, त्यामुळे लोकांनी त्यालाच रस्ता केलं. दोन्ही बाजूंना घरं बांधली, झाडं लावली, बाजार भरवला. मातारोचा मुख्य रस्ता आजही 'ला रिएरा' याच नावाने ओळखला जातो, आणि आरेन्यस दे मारचा मुख्य रस्ताही. मग शरदात एखाद्या दुपारी डोंगरावर ढग फुटतो आणि तासाभरात त्या रस्त्यावरून पाण्याचा लोंढा येतो. उभ्या केलेल्या गाड्या समुद्रापर्यंत वाहून गेल्याच्या घटना किनाऱ्यावरच्या अनेक गावांत झाल्या आहेत. पुढे बऱ्याच रिएरा सिमेंटने झाकून भूमिगत केल्या गेल्या. आपत्ती टळली, पण हाच लोंढा डोंगराची वाळू किनाऱ्यावर आणून टाकत असे, हे तेव्हा कोणाच्या फारसं लक्षात आलं नाही. त्याकडे शेवटी येऊ.

रोमन येण्याआधी इथे लायेतानी नावाचे इबेरियन लोक राहत. त्यांचं मोठं ठाणं काब्रेरा गावाजवळ बुर्रियाकच्या टेकडीवर होतं. रोमनांनी लोकांना हळूहळू खाली, सपाटीवर आणलं. काब्रेराच्या खोऱ्यात इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकातली रोमन स्नानगृहं सापडली आहेत, आणि पुढच्या शतकात किनाऱ्यालगत इलुरो हे नगर वसलं. आजचं मातारो त्याच्याच डोक्यावर उभं आहे. रोमनांना इथून हवी होती ती वाइन. मातीचे रांजण भाजायच्या भट्ट्या किनाऱ्याने ठिकठिकाणी सापडतात. ती वाइन जहाजांनी गॉलमध्ये, म्हणजे आजच्या फ्रान्समध्ये, आणि रोमपर्यंत जायची. भरपूर असायची, भारी नसायची. रोमन कवी मार्शल स्वतः हिस्पानियातला, म्हणजे आजच्या स्पेनमधला, तरी त्याने लायेतानी वाइनला गाळ म्हणून हिणवलं. आजच्या अलेल्याच्या पांढऱ्या वाइनवाल्यांना ही गोष्ट सांगितली तर ते हसत असतील, अशी आशा.

रोमन साम्राज्य गेलं तसा किनारा असुरक्षित झाला आणि माणसं परत वर चढली. मध्ययुगात मारेस्मेची गावं म्हणजे डोंगराच्या कुशीतलं एक चर्च आणि त्याच्याभोवती विखुरलेली दगडी शेतघरं, म्हणजे 'मासिया'. समुद्राकाठी असतील तर मच्छिमारांची चार झोपडी-घरं. सोळाव्या शतकात उत्तर आफ्रिकेचे चाचे किनाऱ्यावर उतरून माणसं पळवू लागले. पळवलेल्याला सोडवायचं तर खंडणी, नाहीतर गुलामगिरी. मग गावागावांत टेहळणीचे गोल बुरूज उभे राहिले. श्रीमंत मासियांनी आपापले बुरूज बांधले, आणि त्यातली युक्ती पाहण्यासारखी आहे: बुरुजाला जमिनीलगत दार नाहीच. घराच्या वरच्या मजल्यावरून एक लहानसा पूल बुरुजात जातो. चाचे दिसले की सगळ्यांनी पूल ओलांडायचा आणि आतून बंद करून घ्यायचं. असे बुरूज आज कुठे शाळेच्या आवारात, कुठे फ्लॅटच्या सोसायट्यांमध्ये अडकलेले दिसतात.

धोका ओसरला तशी गंमत सुरू झाली. खालची मच्छिमार वस्ती वाढली, तिच्या हातात पैसा आला आणि ती वरच्या मूळ गावाला म्हणू लागली की आम्हाला वेगळं करा. म्हणून मारेस्मेच्या नकाशावर गावं जोडीने येतात. आरेन्यस दे मुन डोंगरातलं, आरेन्यस दे मार समुद्राकाठचं. विलासार दे दाल आणि विलासार दे मार. प्रेमिया दे दाल आणि प्रेमिया दे मार. आरेन्यस दे मार 1599 साली वेगळं झालं, विलासार दे मार 1784 साली. एल मस्नोऊने तर 1825 साली अलेल्या आणि तेया अशा दोन गावांपासून एकदम फारकत घेतली. वरची गावं शेतकऱ्यांची, जमीनदारांची. खालची खलाशांची, जहाज बांधणाऱ्यांची. चर्च वेगळं, जत्रा वेगळी. आता दोन्हीकडे बार्सिलोनाला नोकरीला जाणारेच राहतात, तरी वरचे आणि खालचे हा भेद बोलण्यात शिल्लक आहे.

खालच्या गावांकडे पैसा आला तो अमेरिकेतून. स्पेनच्या वसाहतींशी व्यापार करायचा हक्क बराच काळ मोजक्या बंदरांकडे होता. 1778 साली तिसऱ्या कार्लोस राजाने तो अनेक बंदरांना खुला केला, आणि बार्सिलोनाच्या आसपासचा सगळा किनारा जागा झाला. इथून वाइन आणि तिच्यापासून गाळलेली दारू क्यूबाला जायची, येताना साखर आणि कापूस. मारेस्मेला धड बंदर नव्हतं, तरी जहाजं बांधली जात होती, ती थेट वाळूवर. आरेन्यस, मस्नोऊ, विलासार इथल्या पुळणींवर लाकडी सांगाडे उभे राहायचे आणि तयार झाले की ढकलून पाण्यात सोडले जायचे. आरेन्यस दे मारला तांडेलांना शिकवणारी नौकानयनाची शाळाही होती. क्यूबात कमाई करून परतलेल्यांना गावात 'अमेरिकानो' म्हणत. त्यांनी दारात ताडाची झाडं लावलेले वाडे बांधले. किनाऱ्यावरच्या गावात जुन्या घरासमोर ताड दिसला तर मालक कधीकाळी अटलांटिक ओलांडून आला असण्याची शक्यता बरीच.

या वैभवाचा एक भाग गुलामांच्या व्यापाराचा होता, आणि तो इथे बराच काळ कुजबुजीतच राहिला. 1817 साली स्पेनने इंग्लंडशी करार केला आणि 1820पासून गुलामांचा व्यापार बेकायदा ठरला. पण क्यूबाच्या उसाच्या मळ्यांना माणसं हवीच होती, आणि बेकायदा मालाला भाव चढतो. पुढची कित्येक दशकं मारेस्मेच्या काही कप्तानांनी आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून माणसं भरून क्यूबात उतरवली. क्यूबातली गुलामगिरी संपली ती 1886 साली. ताडाचे वाडे सुंदर आहेत, यात वाद नाही. ते कशातून उभे राहिले हे आता कातालान संशोधक उघडपणे लिहितात. हे आधीच व्हायला हवं होतं.

क्यूबातूनच आली रेल्वेची कल्पना. आपल्याकडे बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली 1853 साली. इंग्रजांच्या मायदेशात आधी रेल्वे आली आणि मग वसाहतीत. स्पेनमध्ये हा क्रम उलटा झाला. साखर वाहून न्यायची म्हणून क्यूबात हवानाजवळ रेल्वे सुरू झाली 1837 साली, आणि तेव्हा खुद्द स्पेनमध्ये एक किलोमीटर रूळही नव्हता. मातारोचा मिकेल बियादा हा व्यापारी त्या वेळी हवानात होता. आपल्या गावालाही गाडी आणीन अशी त्याने तिथेच शपथ घेतली, असं मातारोत सांगतात. परतल्यावर तो या कामामागे लागला. भांडवल जमेना, तर लंडनमधल्या ओळखीतून ब्रिटिश पैसा आणि ब्रिटिश अभियंते आणले. मोनगातला डोंगर समुद्रात घुसतो, तिथे बोगदा खणावा लागला. 28 ऑक्टोबर 1848 रोजी बार्सिलोना ते मातारो ही सुमारे 28 किलोमीटरची गाडी सुटली. आयबेरियन द्वीपकल्पातली, म्हणजे स्पेन-पोर्तुगालमधली, ती पहिली रेल्वे. बियादा मात्र त्याच वर्षी, उद्घाटनाच्या काही महिने आधी वारला होता.

रूळ कुठून न्यायचे, हे ठरवायला फार डोकं लागलं नसावं. डोंगरउतारावर द्राक्षमळे, खाजगी जमिनी, ओढे. पुळण मात्र सपाट, फुकट आणि प्रत्येक खालच्या गावाच्या दाराशी. म्हणून रूळ वाळूवरूनच गेले. पुढे मार्ग आरेन्यसला, मग ब्लानेसपर्यंत वाढला, तो याच रीतीने. आजची आर1 ही लोकल त्याच मार्गाने धावते आणि काही ठिकाणी डब्यातून खाली पाहिलं तर दगडांचा बांध आणि लाटा, मधे काही नाही.

रेल्वेमुळे एक गमतीची परंपराही सुरू झाली. सांत पोल दे मार या गावाबद्दल आख्यायिका आहे की तिथल्या लोकांनी एक सुंदर सूर्यघड्याळ करून घेतलं, आणि ते ऊनपावसाने खराब होऊ नये म्हणून त्यावर छप्पर घातलं. त्यामुळे गाडी सांत पोलला थांबली की उतारू खिडकीतून ओरडायचे, "सांत पोल, किती वाजले?" गावकरी चिडायचे, दगड घेऊन धावायचे. आता चिडत नाहीत. गावाचं नाव अलीकडे कार्मे रुस्कायेदा या स्वयंपाकिणीमुळेही झालं होतं. तिच्या तिथल्या उपाहारगृहाला मिशेलिनचे तीन तारे होते. 2018 साली तिने ते बंद केलं.

शेतीचं काय झालं? 1880च्या दशकात फिलोक्सेरा ही कीड इथल्या द्राक्षवेलींच्या मुळाशी लागली आणि मळेच्या मळे सुकले. अलेल्याच्या आसपास अमेरिकन खुंटावर कलमं बांधून वेल परत आली, बाकी ठिकाणी शेतकऱ्यांनी पीक बदललं. वाळूची हलकी जमीन, थंडीत फारसं न गोठणारं हवामान आणि शेजारी बार्सिलोनाची भूक, एवढ्यावर भाजीपाला उभा राहिला. मातारोचे बटाटे एके काळी इंग्लंडला जायचे. ल्यावानेरेसचे मटार असे कोवळे आणि गोड की त्यांच्या हंगामात उपाहारगृहं खास जेवणं ठेवतात. सांत सेब्रिया आणि सांत इस्क्लेच्या खोऱ्यातली स्ट्रॉबेरी, आरेन्यस दे मुनच्या चेरी. विलासार दे मारच्या बाजूला फुलशेती झाली, आधी कार्नेशन, मग सगळंच, आणि 1983 साली तिथे फुलांचा मोठा घाऊक बाजार उभा राहिला. शेताला शहराने गिळू नये यासाठी आज तिथले शेतकरी भांडतात. जमीन इतकी महाग की टोमॅटो लावण्यापेक्षा विकून टाकणं सोपं.

मातारो तोवर कापडाचं झालं होतं. विणलेले मोजे, बनियन, स्वेटर. 1864 साली तिथल्या कामगारांनी स्वतःची सहकारी गिरणी काढली, आणि या गिरणीसाठी एका तरुण वास्तुकाराने कापूस पांढरा करायची, म्हणजे ब्लीचिंगची, शेड बांधली. त्याचं नाव आंतोनी गौदी. लाकडाचे छोटे तुकडे बोल्टने जोडून त्याने मोठ्या कमानी उभ्या केल्या, मधे एकही खांब नाही. ती शेड अजून आहे आणि आत कलासंग्रह आहे. त्याच्याच बार्सिलोनातल्या सग्रादा फामिलिया या प्रसिद्ध चर्चसमोर रांगेत तासन्‌तास उभं राहणाऱ्यांपैकी किती जण इथे येतात, कोण जाणे. गिरण्यांच्या शेजारी बायकांचं हस्तकौशल्यही होतं: आरेन्यसच्या बायका उशीवर टाचण्या टोचून, लाकडी रिळं फिरवून लेस विणायच्या. तिथे लेसचं संग्रहालय आहे.

गिरण्यांना हात हवे होते. 1950 आणि 60च्या दशकांत आंदालुसिया, मुर्सिया इथून दुष्काळाला आणि बेकारीला कंटाळलेली कुटुंबं मातारोत आली आणि शहराच्या उतारांवर वस्त्या झाल्या. पुढे गिरण्या बसल्या, पण माणसं येत राहिली, या वेळी मोरोक्को, सेनेगल, गांबियातून, कारण ग्रीनहाऊसमध्ये आणि बांधकामावर कामं होती. रोकाफोंदा ही त्यातलीच वस्ती. 27 जुलैच्या आसपास मातारोत 'लेस सांतेस' हा ग्रामदैवतांचा उत्सव होतो, कागदी लगद्याच्या महाकाय राजा-राण्या रस्त्यात नाचतात, आणि गर्दीत या सगळ्या वस्त्या असतात. स्थलांतरितांवरून कुरबुरी मातारोतही होतात. पण वरच्या गावातून खालचं गाव फुटून निघालं तेव्हाही वरच्यांनी कुरकूर केलीच असणार.

पर्यटनाबद्दल थोडक्यात. आधी बार्सिलोनाचे धनिक काल्देस देस्त्राकला यायचे, तिथे सुमारे 39 अंशांचं गरम पाणी जमिनीतून येतं. मग 1950नंतर कालेल्यापासून मालग्रातपर्यंत हॉटेलांच्या इमारती झाल्या आणि जर्मन आले, इतके की कालेल्याला 'जर्मनांचं कालेल्या' नाव पडलं. ऑक्टोबरात तिथे बिअरचा जर्मन उत्सवही होतो. कातालुन्याचा स्वभाव शोधायला मी तिथे जाणार नाही.

आता वाळूकडे. या किनाऱ्यावर लाटांच्या रेट्याने वाळू ईशान्येकडून नैऋत्येकडे, म्हणजे तोर्देराच्या मुखाकडून बार्सिलोनाकडे सरकत राहते. ती सरकते म्हणून पुळण जागच्या जागी दिसते: जितकी जाते तितकी येते. विसाव्या शतकात या सरकत्या वाळूच्या वाटेत आरेन्यस, बालिस, मातारो, प्रेमिया, मस्नोऊ अशी बंदरं बांधली गेली, बरीचशी हौशी लोकांच्या यॉटसाठी. बंदराची भिंत समुद्रात घुसली की एका बाजूला वाळू साचते आणि पलीकडची पुळण उपाशी राहते. त्यात तोर्देराच्या पात्रातून बांधकामासाठी वाळू-खडी उपसली गेली. डोंगरउतारांवर बंगले झाले, रिएरा झाकल्या गेल्या, म्हणजे वरून येणारा पुरवठाही घटला. पुळण आकसत गेली. आणि पुळणीच्या लगेच मागे काय आहे? बियादाचे रूळ. त्यांच्या मागे जुना महामार्ग, आणि मग गाव. समुद्रावर जायचं तर भुयारी वाटेने रूळ ओलांडावे लागतात.

जानेवारी 2020मध्ये 'ग्लोरिया' नावाचं पूर्वेचं वादळ आलं. मालग्रात आणि ब्लानेस यांच्यामधला तोर्देरावरचा रेल्वे पूल कोसळला, किनाऱ्यावरचे फिरण्याचे रस्ते उखडले. रूळ डोंगराच्या बाजूने आत न्यावेत, ही मागणी तेव्हा परत जोरात आली. मागणी जुनी आहे. रूळ हलले तर समुद्राला मागे सरकायला जागा मिळेल आणि गावं परत पाण्याला जोडली जातील. पण खर्च प्रचंड, बोगद्यांशिवाय मार्ग नाही, आणि खालच्या गावांना आपलं स्टेशन दारातून जाऊ द्यायचं नाही. वरच्या गावांना मात्र पहिल्यांदाच गाडी मिळाली असती. रस्त्यांचं गणित तुलनेने सुटलं. 1969 साली मोनगात ते मातारो हा स्पेनमधला पहिला टोलचा द्रुतगती मार्ग झाला, तो डोंगराच्या बाजूने. 1 सप्टेंबर 2021पासून त्याचा टोल बंद झाला आणि वाहतूक तिकडे वळली. आता किनाऱ्यालगतच्या जुन्या महामार्गाचे चालायचे आणि सायकलचे रस्ते करायचं काम गावोगाव सुरू आहे.

रुळांचं तसं काही ठरलेलं नाही. सरकार बांधावर आणखी दगड टाकतं, कधी समुद्रतळातून वाळू उपसून पुळणीवर पसरतं, आणि पुढच्या एक-दोन हिवाळ्यांत ती वाळू नैऋत्येकडे निघून जाते. पूर्वेचा वारा जोरात सुटला की आर1 हळू धावते किंवा थांबते, आणि तेवढ्या टप्प्यापुरती प्रवाशांसाठी बस सोडावी लागते.